कामातून गेलेला मनुष्य

शास्त्रपाठ : मत्तय 20:1-16, लूक 15:11-24, हबक्कूक 2:15



गेल्या महिन्यात एका खेड्यातील तरुण उपदेशकाचे मला पत्र आले. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास वाचीत असता त्याला ‘डिबॉची’ असा एक इंग्रजी शब्द आढळला. कोश उघडून पाहता त्यात व्यसनी, विषयलंपट, बदफैली असे तीनचार मराठी शब्द दिलेले होते. तो लिहितो, “अर्थ कळला, परंतु हा शब्द आमच्या राजाच्या नावापुढे कोणी व का बसविला, आणि मुळात तो कोठून आला, हे समजावून सांगावे.” प्रश्न भाषेचा दिसतो खरा, परंतु त्याचा विचार करता करता मला माझ्याच मंडळीच्या वहीपाशी येऊन थांबावे लागले. म्हणून एकट्या त्याला उत्तर न लिहिता या आठवड्याचे प्रवचनच त्यावर करितो.

आपल्यापैकी जे बाजारहाटासाठी नागपुरास येतात त्यांना महाल ठाऊकच आहे. गांधी दरवाजातून आत शिरले की दुकानांची दाटी, अरुंद गल्ल्या, आणि मधूनच एखाद्या जुन्या वाड्याचा लाकडी सज्जा. भोसल्यांचा राजवाडा येथेच होता. 1864 साली त्या जुन्या वाड्यास आग लागून तो जळाला व नगारखाना तेवढा मागे राहिला. आगीच्या अकरा वर्षे आधी, 11 डिसेंबर 1853 रोजी, भोसल्यांच्या गादीवरील शेवटचे सत्ताधीश राजे, तिसरे रघूजी, मरण पावले. त्यांना पुत्र नव्हता. वाड्यातील वृद्ध बांकाबाई व राजाच्या विधवा राण्या यांची इच्छा अशी की, यशवंतराव अहेरराव या नात्यातील मुलास दत्तक घ्यावे व गादी चालवावी. कलकत्त्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी होते. त्यांनी 28 जानेवारी 1854 रोजी या प्रकरणावर एक लांब टिपण लिहिले. त्यात मृत राजाविषयी त्यांनी असे म्हटले की, हा मनुष्य न्याय विकणारा, कृपण, मद्यपी व ‘डिबॉची’ म्हणून जगला व तसाच मेला. त्याच्या मागून येणारा तसाच निघणार नाही याची हमी कोणी द्यावी? त्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले.

पत्र लिहिणाऱ्या बंधूला हा शब्द भेटला तो असा. आता त्या शब्दाचे कुळ पाहू.

इंग्रजांनी तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच लोकांपासून घेतला. फ्रेंच भाषेत ‘देबोशे’ असे क्रियापद आहे. त्यातील ‘बोश’ म्हणजे नेमके काय, याविषयी भाषापंडितांत एकमत नाही. कोणी म्हणतात कारखाना, कोणी म्हणतात तासलेली तुळई. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्या कामाची गोष्ट ही की, त्या क्रियापदाचा जुना अर्थ दारू पिणे हा नव्हे आणि स्त्रियांच्या मागे लागणे हाही नव्हे. एखाद्यास त्याच्या कामापासून, त्याच्या कर्तव्यापासून फूस लावून दूर नेणे, हा त्याचा अर्थ. याच शब्दाची एक सख्खी बहीण आहे, ‘आंबोशे’. तिचा अर्थ मजुरास कामावर घेणे. या दोघी बहिणी फ्रान्स देशात आजही रोजच्या बोलण्यात आहेत. कारखानदार माणसे कामास लावतो ते आंबोशे. दुसऱ्याचा कारागीर आमिष दाखवून पळवितो किंवा कामगारास कामावरून कमी करितो ते देबोशे. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात तर संध्याकाळी काम सुटले एवढेच सांगण्यासाठी साधीभोळी माणसे हेच क्रियापद वापरितात, व त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. इंग्रजीत आल्यावर मात्र शब्दाचा पहिला अर्थ मागे पडत गेला आणि बाटली व बिछाना एवढाच शिल्लक राहिला.

बंधूंनो, हा पहिला अर्थ आपल्या मराठीस मुळीच परका नाही. आपल्या गावात एखादा मनुष्य बिघडला की बायाबापड्या काय म्हणतात? “तो कामातून गेला.” त्याचे हातपाय धड असतील, शेत असेल, घरही असेल, तरी तो कामातून गेला. फ्रेंच शब्द जे सांगतो तेच आपल्या आजीने चुलीपाशी बसून सांगितले आहे. आणि दुसरा शब्द पाहा : ‘नादी लागणे’. जुन्या काळी पारधी सुस्वर नाद काढून हरिणास भुलवीत असत असे वर्णन आपण ऐकत आलो आहो. हरिण नादास लागले की चरणे विसरते. परंतु मराठी भाषा मोठी सावध आहे. ती ‘नादी लागला’ एवढेच म्हणून थांबत नाही. ‘नादी लावला’ असेही म्हणते. लागणारा एक असतो व लावणारा दुसरा असतो. व्यसनी, बदफैली, दारुडा हे सारे शब्द एकाच माणसाच्या कपाळी चिकटतात. नादी लावणे व देबोशे या शब्दांत मात्र नेहमी दोन माणसे उभी असतात, आणि त्यांपैकी दुसरा बहुधा अंधारात असतो.

हे ध्यानात ठेवून प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला पुन्हा वाचा. नागपुरात सकाळी सकाळी मजुरांच्या ठिय्यावर गेलात तर हा दाखला डोळ्यांपुढे उभा राहील. कोणाच्या हाती थापी आहे, कोणाच्या खांद्यावर फावडे, कोणी डब्यात भाकरी बांधून आणिली आहे. मोटारीतून मुकादम येतो, धडधाकट पाहून चार माणसे बसवितो व निघून जातो. दहा वाजले की ठिय्या ओसरतो. परंतु पाचसहा जण उरतातच, आणि उरतात ते बहुधा म्हातारे, एखादा लंगडा, एखादा ज्याचे तोंड मुकादमास आवडत नाही असा. मळ्याचा धनी दिवस मावळावयास तासभर उरला असता पुन्हा ठिय्यावर आला. तेथे उभ्या असलेल्यांस त्याने विचारिले की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? त्यांचे उत्तर फार लहान होते. आम्हांस कोणी कामावर लाविले नाही, एवढेच ते म्हणाले. त्यांनी रडगाणे गाइले नाही की स्वतःची फुशारकीही मारिली नाही. आणि धन्याने काय केले? आळशांनो, असे म्हणून त्यांस हाकून दिले नाही. त्याने त्यांस मळ्यात पाठविले. मजुरीचा जो पुढे वाद झाला त्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकिली आहेत. मला आज एवढेच दाखवावयाचे आहे की, दिवसभर ज्यास कोणी विचारिले नाही तो मनुष्य रात्री कोठे जाऊन बसेल हे त्या धन्यास ठाऊक होते.

येथे कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, मग दारुड्याचा दोषच नाही काय? दोष काय तो कलालाचा आणि मुकादमाचा?” नाही, असे मी म्हणत नाही, व शास्त्रही म्हणत नाही. ज्या पापास फ्रेंच भाषेने देबोशे म्हटले त्यास नव्या करारात ग्रीक भाषेचा ‘आसोतिया’ हा शब्द आहे. प्रेषित पौल इफिसकरांस द्राक्षारसाने मस्त होऊ नका असे लिहितो तेथे तो आला आहे, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आला आहे, तीताच्या पत्रात आला आहे. आणि लूकाच्या पंधराव्या अध्यायात धाकट्या मुलाने धन कसे उडविले हे सांगताना त्याच कुळातील शब्द आला आहे. ‘सोझो’ म्हणजे राखणे, तारणे. आपण ज्यास तारण म्हणतो तो ग्रीक शब्द याच मुळापासून निघाला आहे. त्याच्या मागे नकार लाविला की आसोतिया : ज्यात काहीच राखून ठेविले जात नाही अशी चाल. अ‍ॅरिस्टॉटल नावाचा ग्रीक तत्त्ववेत्ता प्रभूच्या पूर्वी तीनशेंहून अधिक वर्षे होऊन गेला. त्याने या शब्दाची फोड करिताना म्हटले आहे की, असा मनुष्य स्वतःच्याच हाताने नाश पावत असतो. धाकट्या मुलाच्या गोष्टीतही पाहा. प्रभूने तेथे कोणा भुलविणाऱ्याचे नाव घेतले नाही. मुलाने आपला वाटा आपण मागितला, आपली गाठोडी आपण बांधिली, आणि दूरदेशी आपल्या पायांनी गेला.

तर एक शब्द म्हणतो, हा स्वतः बुडाला. दुसरा म्हणतो, यास कोणी तरी बुडविले. मला वाटते, आपणांस दोन्ही शब्द हवेत. पहिला मी माझ्या स्वतःविषयी वापरावा. दुसरा शेजाऱ्याविषयी. आपण नेमके याच्या उलट करितो. आपण घसरलो की संगतीचा दोष सांगतो, आणि शेजारी घसरला की त्याच्या स्वभावाचा.

आता पुन्हा महालाकडे वळू. रघूजी राजे हे निष्कलंक होते असे मी म्हणणार नाही. कामाची नावड व मद्याची आसक्ती यांविषयी त्या वेळचे रेसिडेंट मॅन्सेल यांनीही लिहून ठेविले आहे, व तो सर्वच भाग खोटा मानावयास आधार नाही. परंतु या माणसाचे काम त्याच्या हातून कसे गेले तेही पाहिले पाहिजे. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. पुढील वर्षी आप्पासाहेब भोसल्यांस दूर करून दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा गादीवर बसविला गेला. तेच हे तिसरे रघूजी. तेव्हा ते अजाण बालक होते. बांकाबाई त्यांच्या पालक झाल्या आणि राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहू लागले. 1826 च्या तहानंतर कारभार हळूहळू राजाकडे आला. तथापि कामठीस कंपनीची छावणी होती, बाहेरच्या राज्यांशी बोलणे कंपनीच्या मुखाने होते, आणि खुर्चीच्या मागे रेसिडेंट उभा होता. राजा म्हणून बसावे, परंतु राज्य फारसे करू नये, अशी ती स्थिती. ज्याच्या हातून नांगर काढून घेतला त्यास पुढे आळशी म्हणणे फार सोपे असते. हे मी त्यांच्या बचावासाठी म्हणत नाही. प्यावयाचे की नाही हे ठरविणे त्यांच्या हाती होतेच.

पुढे जे घडले ते अधिक वाईट आहे. राज्य खालसा झाल्यावर राजवाड्यातील जिनगी बाहेर काढण्यात आली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस नेऊन त्यांचा हर्रास केला. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वाड्यातील सामान हलवू लागले तेव्हा राण्यांनी आकांत केला व वाड्यासच आग लावू अशी धमकी दिली, असे जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेविले आहे. गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कर्नल जॉन लो यांनी या खालशास आपला विरोध लेखी नोंदविला होता. तो ऐकिला गेला नाही. सर्व इंग्रज सारखे नव्हते, हे आपण विसरू नये. परंतु क्रम पाहा. आधी शब्द लिहिला गेला, मग हत्ती विकले गेले. इज्रेलात नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे असेच झाले होते. आधी दोषारोपाचे पत्र गेले, आणि मळा त्यानंतर हाती आला. नाबोथावरील आरोप खोटा होता आणि राजावरील बराचसा खरा असेल, एवढा फरक आहे. पण आरोप खरा असला तरी हर्रास काही न्याय्य ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या सरकारने मद्यपी म्हणून एका राजाचे घराणे गादीवरून काढिले, त्याच सरकारने पुढे मध्यप्रांतात दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने मक्तेदारांस द्यावा अशी वहिवाट चालविली. मोहाच्या झाडाखालचे फूल वेचणारा गोंड, भट्टी लावणारा कलाल, आणि खजिन्यात रुपये मोजणारा कारकून, हे सारे एका साखळीत गुंफले गेले. हबक्कूक संदेष्ट्याने शेजाऱ्यास पाजून मस्त करणाऱ्यावर हाय उच्चारिली आहे. पिणाऱ्याला त्या वचनात त्याने हात लाविलेला नाही. त्याची दृष्टी ओतणाऱ्याच्या हाताकडे आहे. हा प्रश्न इंग्रजांबरोबर गेला नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली व 2021 साली उठविण्यात आली. त्या बंदीच्या लाभहानीचा हिशेब विद्वान मांडीत असतात. मी खेड्यापाड्यांतून फिरताना बायकांस विचारितो, व त्यांचे उत्तर क्वचितच आकड्यांत असते.

येथवर दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे गेले. आता माझी वही उघडितो.

पाळकपणाच्या पहिल्या काही वर्षांत मी एका खेड्यातील मंडळीत होतो. तेथील एक सभासद नागपुरातील एका कापडगिरणीत साचेखात्यात कामास होता. गिरणी बंद पडली. त्याने वर्षभर शहरात हातपाय हालविले, आणि मग बायकोमुलांसह गावी परत आला. साच्यावरचा हात शेतात काय करणार? कापूस वेचण्यात बायको त्याच्यापुढे; निंदणात सासू पुढे. लोक हसत. काही महिन्यांनी तो पिऊ लागला, आणि मग फार पिऊ लागला. उपासनेच्या वेळी दोनदा तो झिंगून मंदिराच्या दारात आला. पंचांची सभा भरली. मी तरुण होतो. मंडळी शुद्ध राहावी अशी मला मोठी कळकळ होती. प्रभुभोजनाच्या यादीतून त्याचे नाव काढिले आणि वहीत त्याच्या नावापुढे माझ्या हाताने लिहिले : व्यसनी. अक्षर चांगले आले होते, हेही मला आठवते.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको माझ्या दाराशी आली. ती रडत नव्हती. म्हणाली, “पास्टरसाहेब, तुम्ही आमच्या घरच्याचं नाव कापलं, ठीक केलं जी. पण ज्याच्या घरून बाटली येते, त्याचं नाव कोणत्या वहीत लिवलं?”

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. ज्याच्या घरून बाटली उधारीवर येत असे तोही आमच्याच मंडळीचा होता. त्याचे नाव वहीत होतेच. वर्गणीच्या पानावर, सर्वांत वर. कापणीच्या उपकारस्तुतीला सर्वांत मोठे दान त्याच्या घरचे असे. मंदिरातील दोन नवे बाक त्याच्याच पैशाचे, आणि दारात झिंगून पडलेल्या माणसाचा निकाल ठरविताना आम्ही पंच त्याच बाकांवर बसलो होतो. हे गावात सर्वांस ठाऊक होते. मलाही होते. मी ते ठाऊक नसल्यासारखे वागत होतो, इतकेच.

बंधूंनो, डलहौसीसाहेबांचे टिपण मी पुष्कळ वर्षांनी वाचिले, आणि वाचताना मला राग आला. परंतु त्या रागाच्या खाली लाज होती. एका हाताने ‘मद्यपी’ असे लिहावे आणि दुसऱ्या हाताने दारूचा पैसा घ्यावा, हे करण्यास लाटसाहेबच व्हावे लागते असे नाही. एका गरीब मंडळीचा पाळकही ते करू शकतो. फुसलावून कामातून काढणे हा जर त्या शब्दाचा अर्थ, तर त्या वर्षी आमच्या गावात दारूने तो एक मनुष्यच नव्हे, सारी मंडळी तिच्या कामातून काढिली होती. प्रेषित पौल तीतास लिहितो की, ज्यास मंडळीचा वडील नेमावयाचे त्याच्या मुलांवर आसोतियाचा आरोप नसावा. आमच्या वडिलांच्या घरात मुले पीत नव्हती; ती फक्त विकीत होती. तेव्हा नियमाच्या अक्षरात आम्ही बसत होतो.

मी त्या दान देणाऱ्या गृहस्थाकडे गेलो. जाण्यापूर्वी तीन रात्री मला झोप आली नाही, कारण मंदिराच्या पत्र्यांचे कामही त्यानेच देऊ केले होते. बोलणे चांगले झाले नाही. तो पुढे वर्षभर उपासनेस आला नाही. वर्गणी निम्म्यावर आली. आणि पत्रे आले नाहीत, मंदिरावर जुने कवेलूच राहिले. पंचांपैकी दोघे मजवर रुसले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला आजही वाटत नाही. मंडळीचा दिवा तेलावरच जळतो, असे ते म्हणाले.

राहिला तो गिरणीतला मनुष्य. त्यास परत कसे आणावे? मी त्यास समजाविले, त्याच्यासाठी प्रार्थना केली, वचने काढून दिली. तो ऐकत असे व संध्याकाळी पुन्हा जात असे. तेव्हा आमच्या वृद्ध उपदेशकाने मला धाकट्या मुलाच्या गोष्टीतील एक जागा दाखविली. ती मी सेमिनरीत मूळ ग्रीकातून वाचिली होती व तरीही मला दिसली नव्हती. डुकरांच्या कळपात बसलेला तो मुलगा बापास काय सांगावयाचे ते मनात जुळवितो. त्यात त्याने शेवटी असे घातले की, मला आपल्या मोलकऱ्यांतल्या एकासारखे ठेवा. मोलकरी! तो पुत्रपण मागत नाही, मेजवानी मागत नाही. कामावर घ्या म्हणतो. आमचा उपदेशक म्हणाला, “पाळकसाहेब, भुकेल्याने भाकरी मागावी तसे त्याने काम मागितले. बापाने त्याला ते वाक्य पुरे करू दिले नाही, ही बापाची थोरवी. पण आपण बाप नाही. आपण निदान कामावर तर घेऊ.”

मृग नक्षत्र जवळ आले होते आणि मंदिराचे कवेलू फेरावयाचे होते. मी म्हणालो, हे काम त्यास सेवा म्हणून करू द्यावे, त्यात त्याचे मन रमेल. उपदेशक म्हणाला, “सेवा नको. मजुरी द्या. गावात जो भाव चालतो तो भाव द्या. फुकट कामाला तो भीक समजेल.” पंचांपाशी पैसे नव्हते, माझ्या पगारातून दिले. त्यात माझी उदारता नव्हती, पत्रे गमावले ते माझ्याच भेटीमुळे, असे मी धरून चाललो होतो.

तो पहिल्या दिवशी उशिरा आला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी शिडी लावण्याचा आवाज ऐकून मी बाहेर आलो, तेव्हा तो आढ्यावर चढला होता. साचेखात्यातील मनुष्य, तुटलेला धागा डोळ्याने नव्हे, बोटाने ओळखणारा. फुटका कवेलू तो वाजवून पाहून काढी आणि रांग अशी लावी की, सुताने मापावी. त्या पावसाळ्यात मंदिरात एकही थेंब गळला नाही. त्यानंतर तो सुधारलाच, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. तो पुन्हा दोनदा घसरला. एकदा तर नागपुरास जाऊन महिनाभर दिसला नाही. दोन्ही वेळा परत आला तेव्हा कोणत्या तरी छपराचे काम त्याच्यासाठी शोधून ठेविलेले होते. पहिल्या खेपेस शाळेचे, दुसऱ्या खेपेस त्याच्याच सासूच्या घराचे. ज्या वर्षी माझी बदली झाली त्या वर्षी प्रभुभोजनाच्या यादीत त्याचे नाव पुन्हा घातले. वहीत ‘व्यसनी’ हा शब्द मी खोडला नाही. खोडल्याने लिहिलेले जात नाही. त्याच्या खाली तारीख घालून लिहिले : कवेलू फेरणारा. आणि वर्गणीच्या पानावर, पहिल्या नावापुढे, जे मी पूर्वी लिहावयास हवे होते तेही लिहिले. ते वाचून नवे पाळक काय म्हणाले ते मला कळले नाही.

आणि पत्र लिहिणाऱ्या माझ्या तरुण बंधो, तुझ्या प्रश्नाच्या उत्तरात एक गोष्ट राहिली. त्या पहिल्या आठवड्याची मजुरी मी त्याच्या हातात ठेविली, तेव्हा त्याने ती मोजली नाही. तो घरी गेला, आणि ती बायकोपुढे धरली. तिने दिव्यापाशी बसून ती दोनदा मोजली, व त्यातील एक नोट वेगळी काढून म्हणाली की, ही उधारी बाटलीवाल्याची आहे, ती मी स्वतः नेऊन देते.